औलीचा बर्फ, बर्फाच्या तोफा आणि जानेवारीची सहल

खानापूर तालुक्यातील एका पदभ्रमण मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवी-नववीच्या मुलांना जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तराखंडातील औलीला स्कीइंग शिकायला न्यायचे आहे. मागच्या खेपेला गेलेल्या गटाला उतारावर वाळलेले गवत आणि सावलीच्या जागी उरलेले बर्फाचे पट्टे एवढेच पाहायला मिळाले. या वेळी सहलीचे आयोजक सांगतात की तेथे बर्फ बनवणाऱ्या तोफा बसवलेल्या आहेत, त्यामुळे आभाळातून पडो न पडो, बर्फ मिळणारच. या आश्वासनावर कितपत विसंबावे? त्याच पत्रात एका तरुण कार्यकर्त्याने पुढे असेही विचारले आहे की, अशी तोफ बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत तयार होऊ शकेल का, आणि थंडीच्या दिवसांत ती आंबोली किंवा चोर्ला घाटात चालवता येईल का.

मी बेळगावचा. रेफ्रिजरेशन आणि पंपिंगच्या कामात माझे आयुष्य गेले आणि त्यातील काही हिवाळे आल्प्समधील स्की-उतारांवर बर्फ बनवणाऱ्या यंत्रणेची देखभाल करण्यात गेले. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तोफा आहेत एवढ्या आधारावर मुलांचे पैसे भरू नयेत. तोफ बसवलेली असणे, ती चालू स्थितीत असणे, तिला पुरेसे पाणी मिळणे आणि तिला हवी तशी हवा सलग काही रात्री मिळणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील शेवटची कोणाच्याही हातात नाही.

बहुतेकांचा असा समज असतो की तोफ म्हणजे एखादे मोठे शीतयंत्र असून ते पाणी गोठवून बाहेर फेकते. तसे नसते. पंख्याच्या तोफेत एक शक्तिशाली पंखा असतो आणि त्याच्या तोंडाभोवती कड्यांमध्ये बारीक नोझल, म्हणजे तुषार सोडणाऱ्या तोट्या, बसवलेली असतात. त्यांतील बहुतेक नोझल फक्त पाण्याचा तुषार सोडतात. मोजकी नोझल मात्र दाबलेली हवा आणि पाणी एकत्र सोडतात. ती हवा बाहेर पडताच प्रसरण पावते, एकदम थंड होते आणि तिच्यातील सूक्ष्म थेंबांचे बर्फकण होतात. हे कण म्हणजे बीज. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब बीजाशिवाय उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंतही द्रवच राहू शकतो, म्हणून बीज पेरल्याशिवाय उरलेला तुषार वेळेत गोठत नाही. काही ठिकाणी पाण्यात स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूपासून मिळवलेले प्रथिन मिसळतात, तेही याच कामासाठी. तोफेतील कॉम्प्रेसर हवा दाबतो, पाणी गार करत नाही. गोठण्याचे सारे काम थेंब हवेत असताना, जमिनीवर पडण्यापूर्वीच्या काही सेकंदांत व्हावे लागते, आणि ते काम भोवतालची हवा करते.

ते काम केवढे मोठे आहे, हे एका साध्या हिशेबाने कळेल. चांगल्या थंडीत एक मोठी तोफ सेकंदाला सुमारे ५ लिटर पाणी फेकते. एक किलो पाण्याचा बर्फ होताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पाणी आधी पाच अंशांवरून शून्यावर आणण्याची उष्णता त्यात मिळवली, तर सेकंदाला १,७०० किलोज्यूलहून अधिक, म्हणजेच १,७०० किलोवॉटहून अधिक उष्णता हवेत सोडावी लागते. आमच्या धंद्याच्या भाषेत हा सुमारे ५०० टन रेफ्रिजरेशनचा प्लांट झाला (येथे टन म्हणजे वजन नव्हे, साधारण ३.५ किलोवॉट उष्णता काढण्याची क्षमता). तोफेची स्वतःची मोटार आणि कॉम्प्रेसर मिळून मात्र साधारण २० ते २५ किलोवॉट वीज घेतात. उरलेले सारे फुकट मिळते, पण ते हवा देईल तेव्हाच आणि देईल तेवढेच.

हवा किती उष्णता घेईल हे नुसत्या थर्मामीटरवरून कळत नाही. संकेश्वर-चिकोडी भागात ज्यांनी साखर कारखान्यात काम केले आहे, त्यांना स्प्रे पाँड माहीत असेल. कंडेन्सरमधून आलेले गरम पाणी तेथे कारंज्यांनी हवेत उडवतात, त्यातील थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेले गार होऊन परत येते. हवा कोरडी असली तर हे पाणी हवेच्या तापमानाच्याही खाली उतरू शकते. हवा दमट असली तर कारंजी कितीही जोरात उडवली तरी पाणी फारसे उतरत नाही. तोफेचा तुषार अगदी याच नियमाने थंड होतो. एक किलो पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात सात किलोंहून अधिक पाणी गोठू शकते, म्हणून हवेचा कोरडेपणा येथे फार मोलाचा ठरतो. पाणी अशा रीतीने ज्या तापमानापर्यंत उतरू शकते त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि बर्फ बनवणारा माणूस रात्रभर तोच आकडा पाहत असतो.

साधारणपणे वेट बल्ब उणे २.५ अंशांच्या खाली गेल्यावर तोफ सुरू करता येते, आणि उणे ६-७ च्या खाली ती खऱ्या अर्थाने चालते. औलीच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून २,५०० ते ३,००० मीटरवर, समजा हवेचे तापमान अधिक १ अंश आहे आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आहे. वेट बल्ब उणे ४ च्या आसपास येतो आणि शून्याच्या वर असूनही बर्फ बनतो. उलट तापमान उणे १ असून ढग उतरल्यामुळे आर्द्रता ८५ टक्के असेल, तर वेट बल्ब उणे २ पर्यंतच जातो आणि तोफेतून ओला रबरबाट पडतो. म्हणून “रात्री तापमान शून्याखाली जाते” हे आयोजकांचे वाक्य ऐकून समाधान मानू नये. त्यांना आर्द्रता विचारावी. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन थर्मामीटरचे उपकरण असते, एकाच्या टोकाला ओले मलमल गुंडाळलेले असते. जाण्यापूर्वी मुलांकडून महिनाभर रोज सकाळ-दुपार त्याचे वाचन करून घेतले, तर तेथे गेल्यावर उताराकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलेल.

उपकरणे कितीही चांगली असली तरी शेवटची खात्री बाहीवर होते. तोफेपासून वीस-पंचवीस मीटरवर, जेथे तुषार खाली बसतो तेथे उभे राहून हात आडवा धरायचा आणि जॅकेटच्या बाहीकडे पाहायचे. कण कापडावर पडून उसळून निघून गेले, तर बर्फ कोरडा आहे आणि पाणी थोडे वाढवायला हरकत नाही. कण चिकटून लगेच काळपट ओला डाग पडू लागला, तर पाणी जास्त होत आहे, झडप एक टप्पा बंद करायची. मग खाली पडलेल्यातील मूठभर उचलून दाबायचा. मुठीतून पाणी ठिबकले तर तो बर्फ उतारावर पसरल्यावर काचेसारखा गोठणार हे नक्की. वारा फिरला, वेट बल्ब अर्ध्या अंशाने हलला, की हे सारे पुन्हा करावे लागते. स्वयंचलित तोफा हे काम संवेदकांवर करतात, तरीही रात्रपाळीचा अनुभवी माणूस बाही पाहिल्याशिवाय पुढच्या तोफेकडे जात नाही.

आता पाणी. यंत्राचा बर्फ घट्ट असतो. त्याच्या एका घनमीटरात साधारण ४०० ते ५०० लिटर पाणी असते, तर ताज्या पडलेल्या नैसर्गिक बर्फात ते बहुधा १०० लिटरच्या आतबाहेर असते. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटरचा थर द्यायचा, तर ३,००० घनमीटर बर्फ हवा, म्हणजे १२ ते १५ लाख लिटर पाणी. बेळगावच्या उन्हाळ्यात दारात येणारा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर हे १२० ते १५० टँकर झाले, तेही वाऱ्याने उडून आणि वाफ होऊन जाणारा वाटा न धरता. सेकंदाला ५ लिटर फेकणाऱ्या एका तोफेला हे पाणी संपवायला सुमारे ७५ तास लागतात. पण वेट बल्ब जेमतेम उणे ३ असेल, तर तीच तोफ त्या पाण्याचा चौथा-तिसरा हिस्साच घेऊ शकते आणि हेच काम २०० ते ३०० तासांवर जाते. रात्रीचे सहा-सात तासच हवा अनुकूल असेल, तर महिना उलटतो आणि दरम्यान दुपारचे ऊन साचलेल्या बर्फाची झीज करत राहते. म्हणूनच आल्प्समधील मोठ्या उतारांवर शेकड्याने तोफा असतात: थंडीची चार रात्रींची संधी आली की एकाच वेळी सगळ्या चालवायच्या आणि तळाचा थर बसवून टाकायचा.

औलीची यंत्रणा जानेवारी २०११ मध्ये झालेल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारली गेली. उताराच्या वरच्या अंगाला त्यासाठी कृत्रिम तलावही बांधला आहे, आणि ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, कारण तोफेला पाणी १५ ते ४० बार दाबाने लागते आणि दर १० मीटर उतरणीला साधारण १ बार दाब आपोआप मिळतो. तलावाच्या ३०० मीटर खाली असलेल्या तोफेला पंपाशिवायच ३० बार मिळू शकतात. वरच्या तोफांनाच पंप लावावा लागतो. मात्र अशा यंत्रणेची देखभाल कठोर असते. रात्री काम थांबताच पाइप रिकामे करावे लागतात, नाही तर आतले पाणी गोठून पाइप आणि झडपा फुटतात; नोझलमध्ये गाळ अडकतो; सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात; आणि हंगामापुरता नेमलेला माणूस पुढच्या वर्षी परत येईलच असे नसते. औलीच्या तोफा नियमित चालत नसल्याचे वर्तमानपत्रांत वारंवार आले आहे, आणि बर्फाअभावी तेथील राष्ट्रीय स्पर्धा पुढे ढकलण्याची वा रद्द करण्याची वेळही अलीकडच्या वर्षांत आली आहे. स्पर्धेसाठी जे जमले नाही, ते एका सहलीसाठी जमेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

तेव्हा भरवसा आभाळावरच ठेवावा लागेल, आणि त्याचा स्वभाव ओळखून तारखा ठरवाव्या लागतील. पश्चिम हिमालयात हिवाळ्याचा बर्फ येतो तो भूमध्य सागराकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांमुळे. ते ठरावीक तारखेला येत नाहीत. कधी डिसेंबर कोरडा जातो आणि एकाच आठवड्यात सारी भरपाई होते. काश्मीरमधील गुलमर्ग औलीहून अधिक उत्तरेला आहे, तरी जानेवारी २०२४ मध्ये तेथील उतार उघडे पडले होते आणि बर्फ आला तो महिना सरता सरता. २०२५ मध्येही तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. या सगळ्यावरून माझा सल्ला असा आहे की जानेवारीचा पहिला पंधरवडा सोडून द्यावा आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ धरावा. दहावीची परीक्षा मार्चच्या सुमारास असते, त्यामुळे दहावीच्या मुलांना हे जमणार नाही. पण आपला गट आठवी-नववीचा आहे, आणि शाळेशी आधी बोलून आठ-दहा दिवसांची मुभा घेणे अशक्य नाही. गोवा एक्सप्रेसची परतीसह आरक्षणे लवकर करावी लागतात हे खरे, पण आयोजकांना द्यायची मोठी रक्कम निघण्याच्या आधीच्या आठवड्यापर्यंत हातात ठेवावी. त्या आठवड्यात औलीच्या प्रशिक्षण उतारावर किती जाड बर्फ आहे, याचा त्याच दिवशी काढलेला फोटो मागावा आणि त्यात बर्फात रोवलेली मोजपट्टी दिसावी असा आग्रह धरावा. नुसते पांढरे डोंगर दाखवणारे फोटो कोणत्याही वर्षीचे असू शकतात.

नवशिक्यांच्या सौम्य उतारावर खाली गवत असेल, तर दाबून घट्ट केलेला २५-३० सेंटिमीटर बर्फ पुरतो. दगडगोटे असतील तर याच्या दुप्पट हवा. ताजा भुसभुशीत बर्फ गुडघाभर दिसला तरी स्कीखाली दबल्यावर वीतभरच उरतो, हे लक्षात ठेवावे. यंत्राचा बर्फ मिळालाच, तर त्याचे कण गोल आणि बारीक असतात, चांदण्यांच्या आकाराचे नसतात. तो घट्ट बसतो, जास्त टिकतो आणि जास्त वेगवान असतो. तोफेखाली साचलेला ढीग निदान एक दिवस तसाच ठेवून त्यातील पाणी निथळू द्यावे लागते आणि मगच तो ग्रूमर यंत्राने पसरावा लागतो. घाई केली तर पहाटे तो दगडासारखा होतो. अशा पृष्ठभागावर मुलांची स्की बोथट कडांची असेल तर ती वळतच नाही, म्हणून भाड्याने स्की घेताना कडेवर नखाची मागची बाजू हलकेच ओढून पाहावी: नखाचा किंचित कीस निघाला तर कड ठीक. हेल्मेटशिवाय कोणालाही उतारावर सोडू नये, ही गोष्ट मी विनंती म्हणून लिहीत नाही, अट म्हणून लिहितो.

दिवसातील वेळही महत्त्वाची आहे. फेब्रुवारीत सकाळी आठला उतारावर कडक कवच असते, दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर सैल होतो आणि त्यानंतरचे दोन-तीन तास शिकणाऱ्यांसाठी सर्वांत चांगले असतात. दुपारनंतर उन्हाकडे तोंड असलेला उतार जड आणि ओला होतो, स्की त्यात रुतते आणि थकलेल्या मुलांचे गुडघे पिळवटतात. बहुतेक दुखापती मी याच वेळी पाहिल्या आहेत. बेळगावची मुले साडेसातशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून थेट तीन हजारांवर जाणार आहेत, म्हणून पहिली रात्र जोशीमठला, सुमारे १,९०० मीटरवर, काढावी. जोशीमठ-औली रोपवे तेथील जमीन खचू लागल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. तो धरून वेळापत्रक आखू नये, रस्त्याने जायचे आहे असेच समजावे आणि बर्फ पडल्यावर त्या रस्त्याला चाकांना साखळ्या लागतात हे गाडीवाल्याशी आधीच बोलून घ्यावे.

आता उद्यमबागेचा प्रश्न. आंबोली आणि चोर्ल्याचे उत्तर हिशेबातच आहे. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटे तापमान १३ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर वेट बल्ब सुमारे ११ अंश येतो. त्याच दिवशी दुपारी २९ अंश आणि ३० टक्के असेल, तर तो १७ च्या आसपास येतो. शून्याच्या जवळही आपण कधी जात नाही, आणि घाटमाथ्यावरचे दोन-तीन अंश कमी धरले तरी फरक पडत नाही. गरम हवेतही बर्फ देणारी यंत्रे जगात आहेत, पण ती बंद पेटीत रेफ्रिजरेशनने बर्फाचे पापुद्रे तयार करतात आणि प्रत्येक किलोची किंमत विजेत मोजतात. शिवाय बनलेला बर्फ उघड्यावर टाकला, तर तीस सेंटिमीटरचा थर आपल्या उन्हात थोड्याच दिवसांत वाहून जाईल. २००५ मध्ये सुरू झालेल्या दुबईच्या बंदिस्त स्की-केंद्रात जे होते, ते जाड उष्णतारोधक भिंतींच्या आत आणि चोवीस तास शून्याखाली ठेवलेल्या हवेत होते. खानापूरच्या जंगलातून येणारे पाणी आणि आपली वीज यासाठी खर्चावी, असे मला वाटत नाही.

तोफेचे भाग येथे बनवण्याविषयी मात्र मी मनापासून आशावादी आहे. अशा तोफेत आपल्याला न जमणारे फारसे काही नाही. पंपांची आणि झडपांची बिडाची ओतकामे बेळगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे होत आली आहेत. चाळीस बार पेलणारे हायड्रंट (तोफेला पाणी देणारे नळखांब), जोडण्या आणि पंख्याचे आवरण येथे होऊ शकते. अवघड आहे ते नोझल: भोक बारीक आणि अगदी अचूक हवे, आणि गाळमिश्रित पाण्याने झिजणार नाही असे स्टेनलेस स्टील किंवा सिरॅमिक हवे. हिमालयातील यंत्रणा बंद पडतात त्या बहुधा अशाच लहान भागांवाचून, जे परदेशातून येईपर्यंत हंगाम संपलेला असतो. ज्या तरुणाने हा प्रश्न विचारला त्याने आख्खी तोफ बनवण्याच्या मागे लागू नये. त्याने एक नोझल आणि एक स्वतःहून रिकामी होणारी झडप घेऊन सुरुवात करावी. पाण्याचा दाब, थेंबांचा आकार, झडपेची गळती हे सारे उद्यमबागेतल्या चाचणी-बाकावर तपासता येते. बर्फ बनतो की नाही, ही एकच चाचणी उणे तीनच्या खालच्या वेट बल्बमध्ये, वर जाऊन घ्यावी लागेल.